लाल पाटीच्या नव्या गाडीवर ठेकेदाराचा ड्रायव्हर: अपघात झाला तर विमा नेमका कोणाचा?

वाघोली_खेप (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी वडगाव शेरीत राहतो आणि गेली सहा वर्षे गाड्यांच्या शोरूमना ड्रायव्हर पुरवण्याचे काम करतो. माझ्याकडे अकरा मुले आहेत. कोऱ्या गाड्या वाघोलीच्या यार्डातून बाणेर व हडपसरच्या शोरूममध्ये नेणे, तेथून सीट कव्हर आणि फिल्म बसवणाऱ्याच्या गाळ्यावर पोहोचवणे आणि संध्याकाळी परत आणणे हे त्यांचे काम. मोबदला खेपेमागे मिळतो. गाडीला स्वतःचा नंबर नसतो, म्हणून यार्डातला सुपरवायझर ट्रेड सर्टिफिकेटची (नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर नेण्यासाठी आरटीओ डीलरला देते त्या परवानगीची) लाल पाटी देतो. ती पुढे-मागे लावायची आणि खेप संपली की उतरवून त्याच्या टेबलावर ठेवायची, अशी आमची पद्धत आहे.

गेल्या महिन्यात रात्री पावणेनऊच्या सुमारास माझ्या एका ड्रायव्हरची अशाच गाडीने एका दुचाकीला धडक बसली. दुचाकीस्वाराच्या पायाचे हाड मोडले, गाडीचा पुढचा बंपर आणि डावा दिवा गेला. ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचा वैध परवाना आहे आणि तो प्यायलेला नव्हता. मात्र एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो: धडक विश्रांतवाडीत झाली. वाघोलीहून बाणेरला जाताना विश्रांतवाडी वाटेत लागत नाही. तो त्याच्या मित्राला घरी सोडायला वळला होता.

आता शोरूमचे म्हणणे असे की त्यांच्या पॉलिसीत ड्रायव्हरांची नावे दिलेली आहेत, माझ्या मुलाचे नाव त्या यादीत नाही, तेव्हा दुचाकीस्वाराशी बोलून प्रकरण मी परस्पर मिटवून टाकावे आणि बंपरचे पैसे माझ्या बिलातून कापले जातील. पॉलिसी मला दाखवलेली नाही. यात माझी जबाबदारी खरोखर किती? आणि पुढे असे होऊ नये म्हणून माझ्या नावाने कोणता विमा घेता येतो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सिंहगड_रोड_७७

नवी गाडी विम्याशिवाय यार्डाबाहेर पडतच नाही. शोरूमवाले विमा करूनच गाडी देतात, आपण सर्वांनी गाड्या घेतल्या आहेत की. तुम्हाला घाबरवून पैसे कापण्याचा हा प्रकार वाटतो.

निवृत्त_शाखाधिकारी

वरील प्रतिसादात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आपण गाडी घेतो तेव्हा जो विमा निघतो तो खरेदीदाराच्या नावाने, चेसिस क्रमांक घालून निघतो आणि त्यावर लिहिलेल्या तारखेपासून व वेळेपासून लागू होतो. यार्डात उभ्या असलेल्या, अजून न विकलेल्या गाडीवर अशी पॉलिसी नसते. ती रस्त्यावर येते ती डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर, आणि तिचा विमा असतो तो डीलरने घेतलेल्या मोटर ट्रेड पॉलिसीत. ट्रेड सर्टिफिकेटमुळे नोंदणीतून सूट मिळते, विम्यातून नव्हे. मोटर वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा विमा लाल पाटीच्या गाडीलाही तितकाच बंधनकारक आहे.

मी एका विमा कंपनीत तीस वर्षे काढली, त्यातील बरीचशी मोटर खात्यात. आपल्याकडे २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकात, या धंद्यासाठी तीन स्वतंत्र वर्ग केलेले होते. पहिला रोड ट्रान्झिटचा, म्हणजे कारखान्यातून किंवा डेपोतून डीलरपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर चालवत नेण्याचा. यात हप्ता अंतरावर ठरतो. दुसरा रोड रिस्कचा, म्हणजे चाचणी, प्रात्यक्षिक, यार्ड ते शोरूम अशा रोजच्या वापराचा. तिसरा इंटर्नल रिस्कचा, म्हणजे डीलरच्या किंवा गॅरेजच्या आवारात घडणाऱ्या नुकसानीचा. ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर २००७ पासून खुले झाले, तरी पॉलिसीची शब्दरचना आणि ही विभागणी आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते.

आपल्याला लागू पडणारा वर्ग दुसरा, आणि सारी मेख तिथेच आहे. रोड रिस्क पॉलिसीचा हप्ता एकतर नावनिशी ड्रायव्हरांच्या संख्येवर लावतात किंवा ट्रेड सर्टिफिकेटांच्या संख्येवर. सर्टिफिकेटच्या आधारावर पॉलिसी असेल तर त्या क्रमांकाची पाटी लावलेली गाडी डीलरच्या परवानगीने कोणीही वैध परवानाधारक चालवत असला तरी सामान्यतः चालते. नावांच्या आधारावर असेल तर यादीबाहेरचा माणूस चाकावर बसला की वाद सुरू होतो. पुष्कळ डीलर पाच-सहा नावे घालून हप्ता वाचवतात आणि प्रत्यक्षात पंधरा माणसे गाड्या फिरवतात. यादीतला निम्मा स्टाफ नोकरी सोडून गेला तरी ती यादी वर्षानुवर्षे तशीच नूतनीकरणाला येते, हे मी स्वतःच्या टेबलावर पाहिले आहे.

तेव्हा पहिले काम हे की शोरूमकडे पॉलिसीचे शेड्यूल (तिचा तपशील छापलेले पान) लेखी मागा. तोंडी ‘तुमचे नाव नाही’ यावर विसंबू नका. शेड्यूलमध्ये ‘ड्रायव्हर’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे, सर्टिफिकेटचे क्रमांक किती आहेत आणि त्यातला एक आपल्या ड्रायव्हरच्या पाटीवरचा आहे का, एवढे तीन मुद्दे पाहा.

दुसरे आणि जास्त तातडीचे: प्रकरण परस्पर मिटवू नका. प्रत्येक मोटर पॉलिसीत अशी अट असते की विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणीही, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय, चूक कबूल करू नये, रक्कम देऊ करू नये वा देऊ नये. आज आपण पन्नास हजार देऊन कागदावर सही घेतली आणि उद्या दुचाकीस्वाराने मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात दावा लावला, तर कंपनी त्याच कागदावर बोट ठेवेल.

टीसी_रजिस्टर

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका शोरूममध्ये गाड्यांच्या आवक-जावकीचे काम पाहतो, त्यामुळे पाटीच्या बाजूने थोडे लिहितो.

लाल पाटीवर गाडी कुठेही नेता येते असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधील नियम ४१ मध्ये कामे मोजून दिली आहेत: बांधणी किंवा दुरुस्तीदरम्यान व नंतरची चाचणी, वजनकाट्यावर किंवा नोंदणीसाठी नेणे-आणणे, संभाव्य ग्राहकाला वाजवी चाचणी देणे, एका डीलरकडून दुसऱ्याकडे पोहोचवणे, बॉडी बसवणे, रंगकाम वा दुरुस्तीसाठी वर्कशॉपला नेणे, रेल्वे स्थानक किंवा बंदरावर नेणे, प्रदर्शनात नेणे, अशी ही यादी आहे. मित्राला विश्रांतवाडीला सोडणे त्यात बसत नाही, हे आपल्यालाही ठाऊकच आहे.

आपल्या बाजूने पडणारा मुद्दा नियम ४० मध्ये आहे. सर्टिफिकेट ज्याचे त्यानेच वापरायचे असा नियम असला, तरी धारकाचा नोकर किंवा त्याच्या वतीने सद्भावनेने काम करणारी व्यक्ती गाडीत असेल तर तो भंग मानला जात नाही. ठेकेदाराचा माणूस ‘वतीने काम करणारा’ ठरू शकतो, पण ते सिद्ध करायला कागद हवा. तो कागद म्हणजे नमुना १९ ची नोंदवही.

आमच्याकडे ही नोंदवही बांधीव आहे आणि पानांवर छापील क्रमांक आहेत. गाडी फाटकातून निघण्यापूर्वी सर्टिफिकेटचा क्रमांक, चेसिस क्रमांक, कशासाठी आणि कुठे चालली ते भरायचे, कार्बनची प्रत फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि गाडी परतली की परतीची वेळ घालायची. नियमही असेच सांगतो की नोंद खेपेपूर्वी व्हावी. प्रत्यक्षात बहुतेक यार्डांत संध्याकाळी सात वाजता सुपरवायझर चहा घेत बसतो आणि दिवसभराच्या खेपा एका निळ्या पेनने, एकाच हस्ताक्षरात, आठवेल तशा भरतो. विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला सर्व्हेअर हे एका नजरेत ओळखतो.

मी पूर्वी ज्या शोरूममध्ये होतो तिथला प्रसंग सांगतो. नगर रोडवर एका नव्या गाडीचे दार ठोकले गेले आणि क्लेम टाकला. सर्व्हेअरने बाकी काही न विचारता फक्त नोंदवही मागितली. अपघाताच्या वेळी तोच टीसी (ट्रेड सर्टिफिकेट) क्रमांक नोंदवहीप्रमाणे मोशीला आरटीओत गेलेल्या दुसऱ्या गाडीवर होता. कुणीतरी त्याच क्रमांकाची जास्तीची पाटी करून ठेवली होती आणि ती दोन-दोन गाड्यांना लावली जात होती. दाराचे पैसे मिळाले नाहीतच, वर मालकाला आरटीओकडून सर्टिफिकेट निलंबित होण्याची धास्ती महिनाभर होती.

आपल्या अपघाताच्या दिवशीची नमुना १९ ची ड्रायव्हरकडची प्रत शोधा. ती त्याच्याजवळ असेल तर जपून ठेवा, तिचा फोटो काढा. तिच्यावर त्याचे नाव आणि शोरूमच्या माणसाची सही असेल, तर गाडी त्याने शोरूमच्या सांगण्यावरून काढली होती हे नाकारणे त्यांना जड जाईल.

वाघोली_खेप

प्रत सापडली. ड्रायव्हरच्या पाकिटात चौपदरी घडी करून ठेवलेली होती. तिच्यावर चेसिस क्रमांक, ‘बाणेर शोरूम’ आणि सुपरवायझरची सही आहे. ड्रायव्हरच्या नावाच्या जागी मात्र फक्त ‘ठेका’ असे लिहिले आहे. आमच्या अकरा जणांपैकी कोणाचेही नाव ते कधी लिहीत नाहीत.

माझ्याकडे जुन्या गाड्यांचेही थोडे काम असते, म्हणजे एका सेकंडहँड डीलरच्या गाड्या धायरीहून खराडीला आणणे. तिथेही हाच सुपरवायझर कधी कधी लाल पाटी देतो. ते चालते का?

जुनी_गाडी_नवा_मालक

नाही, आणि हे आजच थांबवा. लाल पाटी फक्त अशा गाडीसाठी आहे जिची नोंदणी झालेली नाही, तात्पुरतीसुद्धा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले आणि सर्टिफिकेटची मुदत एका वर्षावरून पाच वर्षे केली, ही दुरुस्ती १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहे. जुन्या गाडीला स्वतःचा एमएच-१२ किंवा एमएच-१४ नंबर असतो, त्यावर लाल पाटी चढवणे म्हणजे खरा नंबर झाकणे.

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी १ एप्रिल २०२३ पासून वेगळे नियम आहेत. आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते, मूळ मालकाने ऑनलाइन कळवले की डीलर ‘मानीव मालक’ (कायद्याने मालक धरला जाणारा) होतो, आणि गाडी रस्त्यावर नेता येते ती ग्राहकाला दाखवण्यासाठी, दुरुस्ती किंवा रंगासाठी, तपासणीसाठी अशा मोजक्याच कारणांनी. प्रत्येक खेपेची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, तिच्यात खेपेचे कारण, ड्रायव्हर, वेळ आणि अंतर या गोष्टी येतात.

विम्याबाबत एक गंमत सांगतो, जी माझ्या ग्राहकांपैकी शंभरात दोघांनीही वाचलेली नसते. आपल्या स्वतःच्या कारची पॉलिसी उघडा आणि ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद काढा. भाड्याने देणे, मालवाहतूक, शर्यत यांच्या रांगेत शेवटी ‘मोटर ट्रेडशी संबंधित कोणताही वापर’ असे शब्द आहेत, म्हणजे त्या वापराला ही पॉलिसी नाही. मालक गाडी सर्व्हिसिंगला देतो तेव्हा काम मालकाचेच असते, असे माझे मत. पण तीच गाडी मालकाने माझ्याकडे विकायला ठेवली आणि मी ती ग्राहकाला हिंजवडीपर्यंत फिरवून आणली, तर ते शब्द माझ्या अंगावर येतात. म्हणून मी मालकाच्या पॉलिसीवर एक दिवसही अवलंबून राहत नाही, स्वतःची रोड रिस्क ठेवतो.

शिवाजीनगर_वकील

मी शिवाजीनगर न्यायालयात मोटार अपघात दाव्यांचे काम करतो. सामान्य माहिती म्हणून लिहितो, आपल्या कागदांवरचे मत म्हणून नव्हे.

जखमी दुचाकीस्वाराचा हक्क आणि शोरूम-ठेकेदार-विमा कंपनी यांच्यातला हिशेब ही दोन वेगळी खाती आहेत. दुचाकीस्वाराला आपल्या यादीशी, वळणाशी किंवा नमुना १९ शी काही देणेघेणे नाही. तो दाव्यात ड्रायव्हर, गाडी ज्याच्या ताब्यात होती तो डीलर आणि विमा कंपनी या सर्वांना सामील करील. कंपनीला कोणत्या कारणांनी हात झटकता येतात हे मोटर वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिले आहे. त्यात ‘अमुक नावाच्या व्यक्तीने गाडी चालवू नये’ अशी वगळणारी अट आहे, परवाना नसलेल्याचा उल्लेख आहे, नशेचा उल्लेख आहे. ‘यादीतल्यांनीच चालवावे’ ही त्याच्या उलट दिशेची अट आहे, आणि ती तृतीय पक्षाविरुद्ध वापरता येते का यावर चांगला युक्तिवाद होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये परवान्याच्या संदर्भात जी चौकट घालून दिली तिचा गाभा असा की अटीचा भंग झाला एवढे दाखवून पुरत नाही, विमाधारकाने जाणूनबुजून वा निष्काळजीपणे तो होऊ दिला हे कंपनीने सिद्ध करायचे. शिवाय अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग विमाधारकाकडून वसुलीची मुभा देते.

ही वसुलीची मुभाच आपल्यासाठी धोक्याची आहे. कंपनी डीलरकडून वसूल करील आणि डीलर ठेक्याच्या कराराकडे बोट दाखवून आपल्याकडे येईल. आपला लेखी करार आहे का, आणि त्यात ‘सर्व नुकसान ठेकेदार सोसेल’ असे वाक्य आहे का, ते पाहा. करारच नसेल, तर बिलातून परस्पर कपात करण्याला आधार काय, हे त्यांना लेखी विचारा.

वळणाबद्दल: मित्राला सोडायला जाणे हा नियम ४१ च्या बाहेरचा वापर आहे, आणि बंपर-दिव्याच्या ओन डॅमेज क्लेममध्ये कंपनी तो मुद्दा नक्की काढील. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणे हा पॉलिसीचा मूलभूत भंग मानून ओन डॅमेजची रक्कम नाकारली होती, आणि २०२१ मध्ये एका चोरीच्या प्रकरणातही तोच सूर लावला. आपली वस्तुस्थिती तशीच नाही, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत न्यायालये नोंदणीचा मुद्दा किती कडक धरतात हे त्यावरून कळावे. जखमीच्या दाव्यात मात्र अशा वळणाने कंपनी सहज सुटत नाही.

पोलिसांत नोंद झाली आहे असे गृहीत धरतो. २०२२ पासून तपास अधिकाऱ्याला ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा लागतो, त्यात विम्याचा तपशील येतो. शोरूमने तिथे कोणत्या पॉलिसीचा क्रमांक दिला आहे ते पोलीस ठाण्यातून समजू शकेल. पॉलिसी पाहण्याचा हा दुसरा दरवाजा.

राहता राहिला आपला ड्रायव्हर. या वेळी तो बचावला, पण उद्या त्यालाच इजा झाली तर? खेपेवर काम करणारा म्हणून तो नोकर नाही, असे समजू नका. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली नैमित्तिक कामगारांना वगळणारी तरतूद २००० च्या दुरुस्तीने निघाली, आणि त्या कायद्यातला विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. अकरा मुलांची ही जबाबदारी आज आपल्या डोक्यावर आहे आणि तिच्यासाठी आपल्याकडे एकही पॉलिसी नाही, असे प्रश्नावरून दिसते.

निवृत्त_शाखाधिकारी

वकीलसाहेबांनी शेवटी जे लिहिले त्याचेच उत्तर प्रश्नकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. गाड्या आपल्या नाहीत, ट्रेड सर्टिफिकेट आपले नाही, म्हणून रोड रिस्क पॉलिसी आपण घेऊ शकत नाही, ती डीलरनेच घ्यायची. आपण घ्यायची ती कर्मचारी भरपाईची पॉलिसी, अकराही जणांची खरी मिळकत दाखवून. कमी दाखवली तर हप्ता वाचतो आणि क्लेमच्या वेळी तेवढाच हात आखडतो. तिच्या जोडीला सामूहिक वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या.

डीलरच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरांच्या कायदेशीर दायित्वाचे आयएमटी २८ हे एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेले वाढीव कलम) असू शकते, माणशी ५० रुपयांत मिळते. ते आहे का, हेही शेड्यूल हातात आले की पाहा. पण त्यात ‘पगारी’ हा शब्द आहे आणि आपली मुले डीलरच्या पगारावर नाहीत, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

आपण एकल मालकीचा धंदा करत असाल तर पुढे आपल्या स्वतःच्या पॉलिसीवरून कंपनीशी तंटा झाला तरी विमा लोकपालाकडे जाता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना थांबावे लागते, फी नाही, वकील लागत नाही. पुण्याचे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे.

वाघोली_खेप

सर्वांचे मनापासून आभार. आज शोरूमच्या अकाउंट्समध्ये जाऊन शेड्यूलची प्रत मागितली. पहिल्यांदा ‘मेल करतो’ म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून राहिलो, तेव्हा अर्ध्या तासाने छापून दिली.

पॉलिसी नावांच्या आधारावरच आहे. सहा नावे आहेत. त्यांपैकी दोघे मला माहीत आहेत, दोघेही दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले, एक तर आता चाकणला स्वतःची टपरी चालवतो. सुपरवायझरचे नाव आहे, पण त्याला गाडी चालवता येत नाही. माझ्या मुलांपैकी कोणीही नाही. आयएमटी २८ नाही.

दुचाकीस्वाराला मी दवाखान्यात भेटून आलो, फळे दिली, पैशांचे काही बोललो नाही आणि कुठेही सही केली नाही. शोरूमने विमा कंपनीला अपघात कळवलेलाच नव्हता. माझ्यासमोर त्यांनी आज कळवला, मेलची प्रत माझ्याकडे आहे. बिलातून कपात कोणत्या आधारावर, हे पत्राने विचारले आहे, पोच घेतली आहे. आमचा लेखी करार नाही.

पॉलिसी सर्टिफिकेटच्या आधारावर बदलून घेईपर्यंत आणि नमुना १९ वर ड्रायव्हरचे पूर्ण नाव लिहायला सुरुवात होईपर्यंत माझी मुले लाल पाटीची गाडी काढणार नाहीत, असे मी त्यांना कळवले आहे. सोमवारपासून दोन खेपा कमी झाल्या, त्या दुसऱ्या ठेकेदाराला गेल्या. विश्रांतवाडीला वळलेल्या मुलाला मी कामावरून काढलेले नाही, पण त्याला खेपेच्या गाडीत यापुढे कोणालाही बसवता येणार नाही हे अकराही जणांसमोर सांगितले. कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीचे दोन ठिकाणांहून कोटेशन मागवले आहे. मिळकतीच्या रकान्यात खेपेचे पैसे महिन्याच्या सरासरीने लिहायचे की गेल्या बारा महिन्यांची बेरीज द्यायची, एवढे कोणी सांगावे.

निवृत्त_शाखाधिकारी

बारा महिन्यांची बेरीज द्या, माणसागणिक वेगळी, आणि सोबत आपल्या वहीतली खेपांची पाने जोडा.